बालीतली खेडी एका दिवसात कशी उरकावीत

सगळ्यात आधी नकाशा बघा. बाली पूर्व-पश्चिम जेमतेम दीडशे किलोमीटर, म्हणजे दोन-अडीच तासांचा विषय, असा हिशोब मनातल्या मनात करा आणि तो कुणालाही तपासू देऊ नका. मग पूर्वेच्या टोकाचं लेम्पुयांगचं देऊळ, मधली तेगलालांगची भातखाचरं, डोंगरातला ब्रातान तलाव, एक धबधबा, माकडं, कॉफी आणि 'जमलं तर ज्वालामुखी पण' एवढं सगळं एकाच दिवसात कोंबा. ड्रायव्हर यादी वाचून हसेल. ते हसू होकाराचं आहे असं समजायचं.

त्याचं नाव वायन असण्याची शक्यता भरपूर. कालच्याचं पण वायनच होतं म्हणून तुम्हाला गंमत वाटेल. पहिल्या मुलाचं वायन, दुसऱ्याचं मादे, तिसऱ्याचं न्योमान, चौथ्याचं केतुत आणि पाचवं झालंच तर परत वायनपासून सुरू, अशी तिकडची पद्धत आहे, हे तो सांगायला लागला की तुम्ही खिडकीतून रील शूट करत असा, त्याचा आवाज नंतर म्युट करता येतो.

लेम्पुयांगसाठी मध्यरात्री उठून निघा. फोटो तुम्ही पाहिलाच असेल, देवळाचं दुभंगलेलं दार, मधोमध आगुंग पर्वत आणि खाली काचेसारखं तळं, त्यात तुमचं उलटं प्रतिबिंब. तिथे गेल्यावर तळं शोधत बसू नका. तळं नाहीये. एक पोरगा बसलेला असतो, तो तुमच्याच मोबाइलच्या लेन्सखाली छोटासा आरसा धरतो, झालं तळं. खालची फरशी ठणठणीत कोरडी असते. नंबर घ्यायचा, तास-दोन तास बसायचं, मग 'नेक्स्ट पोज, नेक्स्ट पोज, जंप' असं करत मिनिटभरात बाहेर. आगुंग ढगात गेला असेल तर पैसे परत मागून बघायला हरकत नाही. हाच डोंगर १९६३ साली फुटला आणि हजाराहून जास्त माणसं गेली, तिथल्या लोकांसाठी याच्याइतकं पवित्र ठिकाण दुसरं नाही वगैरे, पण आज त्याचं काम तुमच्या मागे उभं राहण्याचं आहे आणि ते पण त्याला जमू नये म्हणजे कमाल आहे. सगळ्यात वरचं देऊळ सतराशेच्या आसपास पायऱ्या चढून गेल्यावर लागतं म्हणे. तिकडे आरसेवाला नाही, त्यामुळे जायचं काही कारण नाही.

तेगलालांगला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असेल. इथे भातखाचरं आहेत. भातखाचरांकडे पाठ करून उभं राहायचं असतं. आधी भाड्याचा लाल गाऊन चढवा, त्याची शेपटी तुमच्या उंचीच्या दुप्पट असते आणि ती हवेत भिरकवायला वेगळा माणूस असतो, मग झोक्यावर बसा, पट्टा बांधून घ्या आणि मोकळं-मोकळं वाटतंय असा चेहरा करा. फ्रेममध्ये शेतकरी आला तर सोन्याहून पिवळं, डोक्यावर शंकूसारखी टोपी असेल तर विचारूच नका. त्याच्या हातात मोबाइल असला तर मात्र थोडं थांबा, त्याला तो खिशात ठेवू दे, मग क्लिक करा, नाहीतर खेडं खरं वाटत नाही.

बांधावरून चालताना हातभर रुंदीचा पाट आडवा येईल. तो ओलांडायचा, बूट भिजले म्हणून चिडायचं आणि पुढे जायचं, थांबायचं नाही. कारण थांबलात तर पाटात आडवा टाकलेला ओंडका दिसेल, त्याला खाचा पाडलेल्या दिसतील, एक रुंद एक अरुंद, आणि ज्याची खाच जेवढी त्याच्या शेताला पाणी तेवढं, हे कळायला लागेल, आणि मग दिवसच फुकट. या कारभाराला ते सुबाक म्हणतात. वरच्या शेतकऱ्याच्या हातात पाणी, खालच्याच्या हातात काहीच नाही, तरी वरचा पाणी सोडतो, कारण खालच्याने लावणी भलत्या वेळी केली तर कीड इकडून तिकडे फिरत राहते आणि वरच्याचं पण पीक जातं. म्हणून सगळे पाण्याच्या देवळात बसून ठरवतात की कुणी कधी लावायचं आणि कधी सगळ्यांनी एकदम शेतं मोकळी ठेवायची. सत्तरच्या दशकात सरकारने सांगितलं की हे देऊळबिऊळ सोडा, नवं बियाणं घ्या आणि जमतील तितकी पिकं काढा, तर तुडतुड्यांनी शेतंच्या शेतं खाल्ली, पाण्यावरून बोंबाबोंब झाली आणि गाडी परत देवळाच्या वेळापत्रकावर आली. २०१२ साली युनेस्कोने हे सगळं जागतिक वारसा म्हणून यादीत घेतलं. युनेस्कोला वेळ होता, तुम्हाला ब्रातान गाठायचंय.

पुढच्या वळणावर एक आजोबा पेटी घेऊन बसलेले असतील. शेत त्यांचं, बांध त्यांचा, चालणारे तुम्ही, म्हणून ते थोडे पैसे टाका म्हणतात. इथे मात्र ठाम राहा. झोक्याला मोजले, गाऊनला मोजले, शेपटीवाल्याला टीप दिली, ते ठीक आहे, ती सर्व्हिस होती, पण नुसतं भात उगवून बसलेल्या माणसाला दहा हजार इंडोनेशियन रुपिया द्यायचे म्हणजे लूटच की. निम्म्यावर आणायचा प्रयत्न करा.

आता कॉफी. ड्रायव्हर आपणहून मळ्यावर गाडी वळवेल, का ते विचारू नका. आधी इवल्याइवल्या कपांत गवती चहा, आलं, हळद, नारळ, व्हॅनिला असलं बरंच काही फुकट येईल आणि मग खास लुवाक. उदमांजर पिकलेली कॉफीची फळं खातं, बिया विष्ठेतून बाहेर पडतात, त्या धुऊन भाजतात. रानातलं उदमांजर रात्री हिंडून नेमकी चांगली फळं निवडून खातं, सगळं कौतुक त्या निवडीचं. तुमच्यासमोरचं पिंजऱ्यात आहे, पुढ्यात पडेल ते खातं, आणि भरदिवसा त्याला उठवलेलं आहे कारण तुम्हाला सेल्फी हवाय. तरी घोट घेऊन डोळे मिटा आणि 'स्मूथ' म्हणा. सगळे तेच म्हणतात.

माकडांचं काय सांगायचं? चष्मा सांभाळा, नाहीतर राहू द्या, तेवढीच एक गोष्ट दिवसात ठरवल्याबाहेर घडेल. धबधबा धबधब्यासारखाच असतो.

उशीर झालेला असताना एखाद्या गावात रस्ता बंद मिळेल. समोरून मिरवणूक, पांढऱ्या-पिवळ्या कपड्यातली माणसं, बायकांच्या डोक्यावर फळांचे हातभर उंच मनोरे, एकीचा पण हात वर धरलेला नाही आणि एक संत्रं सुद्धा हलत नाही, मागून गामेलान या तिकडच्या वाद्यवृंदाचा दणदणाट. अशा वेळी काचा वर करा, एसी वाढवा आणि मॅपवर लाल रेघ किती लांब आहे ते बघत बसा. बायकोने हळूच म्हटलं की उतरून बघूया का, तर तिला सांगा की संध्याकाळी सातला रिसॉर्टमध्ये पारंपरिक बालीनीज डान्स आहे, बुफेसकट, तिथे नीट खुर्चीत बसून बघू.

ब्रातानला पोचाल तेव्हा अंधार पडलेला असेल. हरकत नाही, तलावातलं ते देऊळ पन्नास हजार रुपियाच्या जुन्या नोटेवर छापलेलं होतं, नोटेचा फोटो टाका.

परत आल्यावर लोक विचारतील कसं होतं. आधी एक सुस्कारा सोडायचा आणि म्हणायचं, 'बाली फार कमर्शियल झालं हो, आत खेड्यांत गेलो म्हणून थोडं तरी अस्सल बघायला मिळालं.' ऐकणाऱ्यांपैकी दोघंतिघं लगेच तारखा बघायला लागतील. त्यांना वायनचा नंबर द्या, आणि झोक्याचा स्लॉट सकाळचाच घ्यायला सांगा, दुपारी ऊन थेट तोंडावर येतं.