धुरानं कुठं काय होतंय?

आज सकाळी साडेनऊला आमच्या दुकानाच्या कोपऱ्यावर कचऱ्याचा ढीग पेटवलेला होता. पिशव्या, पुठ्ठे, सुकलेले हार, कुणाच्या तरी चपलेचा रबरी तळ. आणि त्या ढिगापासून दहा पावलांवर माझे आबा रिक्षातून उतरत होते. तीन महिन्यांनी पहिल्यांदा दुकानाला येत होते. रात्रीपासून तयारी चाललेली. धुतलेलं धोतर, टोपी, चष्म्याची काच दोनदा पुसलेली.

उतरल्या उतरल्या उबळ आली. पायरीपाशी थांबले, शटरची पट्टी धरली, दुसरा हात छातीवर. मी स्टूल पुढं सारलं. जिभेखाली ठेवायची गोळी माझ्या पर्समध्ये कायम असते, पण चेन उघडायला बोटंच चालेनात. पाच-सात मिनिटांनी त्यांचा श्वास जागेवर आला. गोळी लागली नाही. म्हणाले, "चल घरी." बस्स. दुकानात पाऊल न टाकता माणूस माघारी गेला.

ढीग पेटवणारे आमचे शेजारीच. लहानपणापासून मी त्यांना काका म्हणते, वाईट माणूस नव्हे. मी म्हटलं, काका, अहो आबा आलेत, काय हे? तर म्हणाले, "अगं, एवढ्याशा धुरानं कुठं काय होतंय? आमचं सगळं आयुष्य चुलीच्या धुरात गेलं."

दिवसभर हे वाक्य डोक्यातनं गेलं नाही. गिऱ्हाइकासमोर कापड फाडताना माप चुकलं. म्हणून आता जेवणं झाल्यावर लिहायला बसलेय.

आमचं दुकान पांढऱ्या कापडाचं, कोल्हापुरात महाद्वार रोडला. धोतरं, मांजरपाट, सदऱ्याचं पॉपलीन, फेट्याचं कापड. चाळीस वर्षं आबा त्या गादीवर बसले. दुकान उघडलं की त्यांचं पहिलं काम ठरलेलं: दर्शनी फळीवरचे तागे उलटे करून पुन्हा घडी घालायची. कारण घडीची जी कड रस्त्याकडं असते ती काळी पडते. सरळ रेघ, पेन्सिलीनं ओढल्यासारखी. तशी रेघ पडलेलं कापड कोण घेत नाही, मग ते अस्तराच्या भावात जातं. मी शाळेत होते तेव्हा महिन्या-दीड महिन्यानं ती रेघ उठायची. आता चार दिवस पुरतात. आबा म्हणायचे, कापडावर बसतंय ते निदान दिसतंय तरी. तेव्हा मला हे नुसतं बोलणं वाटायचं.

दिवाळी झाली, त्याच्या पुढच्या आठवड्यात आबांना अटॅक आला. पहाटे नव्हे, रात्री नव्हे, दुकान झाडून गादीवर बसल्यावर. जबडा दुखतोय म्हणाले. आम्हाला वाटलं दाढ असेल. घामानं सदरा चिकटला तेव्हा कळलं. तीन ठिकाणी ब्लॉकेज, दोन स्टेंट.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, विडी-सिगारेट? नाही. तंबाखू? नाही. सुपारीचं खांडही नाही. तरुणपणी तालमीत घाम गाळलेला माणूस. मग विचारलं, काम काय करतात, कुठं बसतात? मी सांगितलं. त्यांनी काही न बोलता रिपोर्टच्या पाकिटावर एक नळी काढली, गोल, आणि आतल्या बाजूनं पेन फिरवत राहिल्या. म्हणाल्या, हा आतला थर गुळगुळीत असतो. हवेतले जे अगदी बारीक कण असतात, अडीच मायक्रॉनपेक्षा लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या वीसेक पट बारीक, ते नाकात अडकत नाहीत, घशात अडकत नाहीत. थेट फुफ्फुसाच्या तळाला जातात, तिथं सूज आणतात, काही तर रक्तातही उतरतात. सूज मग सगळ्या अंगभर फिरते. हा थर खरबरीत होतो, त्यात चरबी धरते, नळी आवळते, बीपी वाढतं, रक्त चिकट होतं. आणि एखाद्या दिवशी तो चरबीचा थर फुटतो, त्यावर गुठळी बसते. संपलं.

ते पाकीट मी ठेवलंय. त्या पेनाच्या रेघेकडं बघताना मला ताग्याची कड दिसते. आत काळी पडली ती उलटी करून घडी घालता येत नाही.

आपल्याला वाटतं धूर म्हणजे खोकला, दमा, डोळ्यांची आग. मलाही असंच वाटायचं. मग जरा वाचलं. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ सालचा अंदाज असा की बाहेरच्या हवेच्या प्रदूषणानं जे अकाली मृत्यू होतात त्यातले साधारण ६८ टक्के हृदयविकार आणि पक्षाघातानं होतात. फुफ्फुसाच्या कॅन्सरनं ४ टक्के. म्हणजे धूर छातीत जातो तो फुफ्फुसासाठी नव्हे, काळजासाठी जातो म्हणा ना. आणि आपण मास्क कशाला लावतो, तर शिंका येऊ नयेत म्हणून.

काका, तुमच्या चुलीचं म्हणाल तर माझी आज्जी चुलीपुढंच म्हातारी झाली आणि बासष्टाव्या वर्षी अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळली. चुलीच्या धुरानं काही झालं नाही असं सांगायला जे मागं उरलेत, तेच सांगतात. जे गेले ते कुठं येणार बोलायला?

मान्य आहे, आबांचं वय ६८. तांबडा रस्सा त्यांच्या जिवाचा, शुगर काठावर. एकट्या धुरानं अटॅक आला असं कोणी डॉक्टर लिहून देणार नाही. ठीक. पण म्हणून रस्सा बंद करायचा, मीठ कमी करायचं, चालायला जायचं, गोळ्या घ्यायच्या, सगळं आबांनीच करायचं? आणि ज्या हवेत ते बसतात तिचं काय? चालायचं तरी कुठं? रंकाळ्यावर सकाळी गेलं तर मागनं डंपर, पुढनं कुणी शेकोटी म्हणून टायर पेटवलेला.

आणि हे "आमचं कोल्हापूर म्हणजे मोकळी हवा" आता बंद करूया. बाहेरगावच्या पाहुण्याला आपण छाती फुगवून सांगतो. केंद्र सरकारनं २०१९ ला स्वच्छ हवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आणला, त्यात हवेची ठरवलेली मर्यादा न पाळणाऱ्या शहरांची यादी केली. त्या यादीत आपण आहोत. शेजारची सांगली आहे, पलीकडचं सोलापूरही आहे. मर्यादा तरी कुठली? या बारीक कणांसाठी आपल्याकडं वर्षाची सरासरी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते ५. म्हणजे आपल्या कागदावर पास झालेली हवासुद्धा काळजाला पास नाही.

दिल्लीएवढं वाईट नाही, हेही मान्य. पावसाळ्यात चार महिने आभाळ धुऊन निघतं आपलं, ते देवाचे उपकार. पण पाऊस थांबला की बघा. खड्ड्यात मुरूम टाकतात, आठ दिवसांत त्याची माती होऊन ती गाड्यांच्या मागं उडत फिरते. गळीत हंगाम सुरू झाला की धुराड्यांचा धूर, फडात पाचट पेटवलेलं, त्याची काळी पाती उडत उडत गच्चीवरच्या वाळवणात येऊन पडतात. शिरोलीकडनं फौंड्र्यांचा वास. देवीच्या दर्शनाला आलेल्या गाड्या पार्किंग शोधत इंजिन चालू ठेवून अर्धा-अर्धा तास उभ्या. पीयूसीचा कागद गाडी न नेता मिळतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि थंडीत सकाळची हवा जड, खाली बसलेली, धूर वर जातच नाही. नेमक्या त्याच वेळी आपण झाडून ढीग करतो आणि काडी लावतो. त्याच वेळी पोरं शाळेला जातात. त्याच वेळी आबांसारखी माणसं दुकानं उघडतात.

मला राग कशाचा येतो सांगू? या शहरानं आंदोलन करून रस्त्यांवरचा टोल घालवला. एन. डी. पाटील सरांसारखा वयानं थकलेला माणूस पुढं आणि मागं अख्खं कोल्हापूर. पैशासाठी आपण रस्त्यावर उतरलो, योग्यच केलं, मीही मोर्चात होते. मग श्वासासाठी का उतरत नाही? कारण याची पावती फाडून कोणी हातात देत नाही. टोलचे पैसे दिसतात. काळजावरची रेघ दिसत नाही.

सफाईवाल्यांना शिव्या देऊ नका मात्र. ढीग पेटवणाऱ्यांत कधी तेही असतात, खरंय, पण गाडी वेळेवर आली नाही तर ते बिचारे तो कचरा डोक्यावर घेऊन जाणार का? त्यांच्या तोंडाला साधं फडकं नसतं. सगळ्यात जास्त धूर त्यांच्याच छातीत जातो. आणि चौकात आठ-आठ तास उभे राहणारे ट्रॅफिक पोलीस. आणि फूटपाथवर हार विकणाऱ्या मावश्या. आबांना निदान स्टेंट मिळाला.

एवढं लिहून मघाशी पाणी प्यायला उठले तर आबा जागेच. खिडकीशी बसलेले. मला वाटलं सकाळचंच मनात घेऊन बसलेत. विचारलं, दुखतंय का? नाही म्हणाले. मग जरा वेळानं, "वरच्या धोतरांच्या घड्या उलट्या केल्यास का?"

नव्हत्या केल्या. तीन महिन्यांत रोज करते, आज राहिल्या. खोटं बोलले, हो म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि उपरण्याचं टोक बोटावर गुंडाळत बसले. तीन महिने हा माणूस घरात बसून दुकानातल्या घड्या मोजतोय. त्याला दुकानात यायचंय. पैशासाठी नव्हे, गल्ला मी सांभाळते. त्याला गादीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला "या पाव्हणं" म्हणायचंय, समोरच्या टपरीचा अर्धा कप चहा घ्यायचाय. एवढंच मागणं आहे. तेवढ्यासाठी जो रस्ता ओलांडायचा, त्या रस्त्यावर धूर.

काका, तुमची सून माझ्या फ्रेंडलिस्टला आहे, ती तुम्हाला हे वाचून दाखवेल. सकाळी मी तुमच्यावर ओरडले, चारचौघांत ओरडले, ते चुकलं. वयाचा मान ठेवायला हवा होता. पण उद्यापासून तुमचा कचरा पोत्यात भरा आणि पोतं माझ्या पायरीवर ठेवा. हाराचे दोरे, पुठ्ठे, जे असेल ते. घंटागाडी दहाला येवो नाहीतर बाराला, मी थांबते, मी टाकते गाडीत. रोज टाकते. काडी तेवढी लावू नका.

रविवारी आबांना परत घेऊन येतेय. अकरा वाजता, जरा ऊन चढल्यावर. चहा तुमच्याकडचा.