खुलासा : ‘गणनेत पक्षी शून्य’ या संदेशाबद्दल

‘खाडीची दलदल पूर्ववत करूनही गणनेत एकही दुर्मिळ पक्षी सापडला नाही, म्हणजे प्रकल्प फसला. मोबाईलवर त्या पक्ष्याचा आवाज वाजवून स्वतः खात्री करा,’ असा संदेश फिरतोय. त्यातला निष्कर्ष चुकीचा आहे आणि सल्ला घातक.

रेल कुळातले हे पक्षी, म्हणजे आपल्या पाणकोंबडीचे भाऊबंद, दाट गवतातून चालतात, उडतात क्वचितच. म्हणून त्यांची गणना डोळ्यांपेक्षा कानांवर चालते. उत्तर अमेरिकेतल्या प्रमाणित पद्धतीत ठरलेल्या जागी आधी पाच मिनिटं नुसतं ऐकतात. मग प्रत्येक जातीसाठी तीस सेकंद तिच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण वाजवतात आणि तीस सेकंद शांत राहून ऐकतात. वारा जोराचा असेल तर गणना होत नाही. भरतीची वेळही सांभाळावी लागते, कारण पाणी चढलं की पक्षी जागा बदलतात. एवढं करूनही समोर बसलेला पक्षी गप्प राहू शकतो! त्यामुळे एका हंगामात अनेक फेऱ्या होतात, आणि ‘नोंद नाही’ याचा अर्थ ‘पक्षी नाहीत’ असा कुणी जाणकार लावत नाही.

शिवाय बांध फोडून पाणी आत घेतलं की आधी गाळ साचतो, मग वनस्पती रुजतात. लपण्याजोगं गवत वाढायला वर्षं लागतात. सॅन फ्रान्सिस्को उपसागरातली जुनी मिठागरं २००३ मध्ये सरकारी ताब्यात आल्यानंतर टप्प्याटप्प्याने अशीच पूर्ववत होताहेत. तिथला रिजवेज रेल आजही संकटग्रस्त आहे.

आवाज वारंवार वाजवला तर पक्षी अंडी-पिल्लं सोडून बाहेर येतो. कृपया तो वाजवू नका, संदेश पुढे पाठवू नका, आणि ज्यांना पाठवला असेल त्यांना हे कळवा.