अर्क कशात काढला, तेही लिहा

‘निर्गुडीच्या अर्काने अळ्या मरतात, तेव्हा बागायतदारांनी पाला उकळून फवारावा’ हे तुमच्या निर्गुडीवरच्या लेखातलं वाक्य पटलं नाही. प्रयोगशाळेत अर्क बहुधा मिथेनॉल किंवा हेक्झेन अशा रासायनिक द्रावकात काढतात. उकळत्या पाण्यात तीच द्रव्यं तेवढी उतरतील असं नाही. शिवाय नुसत्या द्रावकानेही काही अळ्या मरू शकतात. अर्काविना मेलेल्या अळ्यांचं प्रमाण वजा करायचं ॲबटचं सूत्र १९२५ पासून आहे, ते वापरलं का?

आमच्या रत्नागिरीकडे आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे पडले की थांबायला वेळ नसतो. कडुनिंबातलं अझाडिरॅक्टिन हे कीडनाशक द्रव्यसुद्धा उन्हात लवकर निकामी होतं, म्हणून आम्ही ते संध्याकाळीच फवारतो. निर्गुडीचा अर्क पानावर किती टिकतो? आणि मोहोरावरच्या माश्यांचं काय? आंब्याचं परागीभवन मुख्यतः त्या आणि इतर कीटक करतात. त्यांच्यावरची चाचणी आधी हवी.