वर्गात गेम आला म्हणजे वाटोळं झालं? एका फॉरवर्डचा पंचनामा

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मजकूर तोच. स्वीडनने शाळांतून संगणक हद्दपार केले, चीनने मुलांच्या गेमवर बंदी घातली, सिलिकॉन व्हॅलीतले बडे लोक स्वतःच्या पोरांना स्क्रीनला हात लावू देत नाहीत. आणि आपल्याकडे? ‘डिजिटल कौशल्यां’च्या नावाखाली वर्गात व्हिडिओ गेम! पोरं आधीच मोबाइलमध्ये बुडालीत, त्यांना गेम शिकवायला मास्तर कशाला हवा? गेम म्हणजे व्यसन, गेम म्हणजे जुगार. आधी धड लिहा-वाचायला शिकवा, शाळेत वीज आणा. खाली जोडलेले हात आणि ‘प्रत्येक पालकापर्यंत पोहोचवा’.

मी शाळेत संगणक शिकवतो. त्यामुळे ‘सर, यावर तुमचं काय मत?’ म्हणून हा मेसेज मला पाठवणारे बरेच आहेत. एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. मुलांची काळजी खरी आहे, तिची टिंगल करायची नाही. पण काळजी खरी असली म्हणून सोबत जोडलेले दाखलेही खरे ठरत नाहीत.

‘स्वीडनने संगणक हद्दपार केले’

अर्धवट माहिती. 2023 मध्ये स्वीडनच्या सरकारने दिशा बदलली, हे बरोबर. बालवाड्यांमध्ये डिजिटल साधनं सक्तीची करण्याचा आधीचा निर्णय तेव्हाच्या शाळामंत्री लोट्टा एडहोल्म यांनी फिरवायला घेतला आणि छापील पुस्तकांसाठी पैसा दिला. चांगलंच केलं. तीन-चार वर्षांच्या पोराच्या हातात टॅब्लेट देण्याच्या मी स्वतःही विरोधात आहे. पण याच देशाने 2018 मध्ये शाळेच्या गणित आणि तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात प्रोग्रामिंग, म्हणजे संगणकाला सूचना लिहून देणं, आणलं होतं, ते 2023 च्या निर्णयाने काढलं नाही. आणि स्टॉकहोममधल्या व्हिक्टर रिडबर्ग शाळेने 2013 मध्ये तेरा वर्षांच्या मुलांना माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांनी जग उभारायचा गेम चक्क सक्तीचा केला होता, नगररचना आणि पर्यावरण शिकवायला. बालवाडीचा निर्णय सातवीच्या वर्गावर चिकटवायचा, ही फॉरवर्डची जुनी खोड.

‘चीनने बंदी घातली’

बंदी नाही, वेळेची मर्यादा. ऑगस्ट 2021 च्या आदेशानुसार 18 वर्षांखालच्या मुलांना ऑनलाइन गेम शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री 8 ते 9 एवढाच वेळ. हा नियम घरी चालणाऱ्या ऑनलाइन गेमसाठी. वर्गाबद्दल तेच सरकार काय म्हणतं? 2017 मध्ये चीनच्या स्टेट कौन्सिलने, म्हणजे तिथल्या मंत्रिमंडळाने, कृत्रिम बुद्धिमत्तेचा राष्ट्रीय आराखडा काढला. प्राथमिक-माध्यमिक शाळांत प्रोग्रामिंग शिकवावं आणि हसतखेळत प्रोग्रामिंग शिकवणारी सॉफ्टवेअर नि गेम तयार करायला समाजाला प्रोत्साहन द्यावं, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे मेसेजने ज्याला साक्षीला उभं केलं तो साक्षीदारच उलटला.

‘सिलिकॉन व्हॅलीतले लोक आपल्या मुलांना स्क्रीन देत नाहीत’

दोन बातम्यांची खिचडी. एक 2011 ची, कॅलिफोर्नियात लॉस आल्टोस इथल्या वॉल्डॉर्फ शाळेची. तिथे लहान वर्गांत स्क्रीन नाही आणि पालकांत तंत्रज्ञान कंपन्यांतले पुष्कळ. दुसरी ॲपल कंपनीच्या स्टीव्ह जॉब्झ यांची. आयपॅड नवा असताना, आपल्या मुलांनी तो अजून वापरलेला नाही असं ते एका पत्रकाराला म्हणाले होते. दोन्ही खऱ्या. पण ज्या घरात आई-बाप दोघं इंजिनिअर, तिथल्या मुलाला शाळेने संगणक नाही दाखवला तरी जेवणाच्या टेबलावर तो विषय निघतोच. आमच्या वर्गातल्या ऊसतोड कामगाराच्या मुलीला संगणक कोण दाखवणार? तिच्यासाठी शाळा हीच काय ती जागा.

‘पोरांना सगळं येतंच, मास्तर कशाला?’

हा मेसेजमधला सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज. सुशिक्षित पालकही तो कौतुकाने सांगतात: ‘अहो, आमच्या पिंट्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं.’

प्रथम संस्थेच्या ‘असर’ या शिक्षणाच्या पाहणीत 2023 मध्ये ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयाच्या ज्या मुलांना स्मार्टफोन आणता आला, त्यांच्याकडून त्यावर कामं करून घेतली होती. यूट्यूबवर सांगितलेला व्हिडिओ शोधणं 80 टक्क्यांच्या आसपास मुलांना जमलं. नकाशाचं ॲप उघडून एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला किती वेळ लागेल हे काढणं जमलं एक तृतीयांशाहून थोड्या जास्त मुलांना. समाजमाध्यमं वापरणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांनाच सुरक्षेची सेटिंग्ज माहीत. आणि जवळजवळ प्रत्येक कामात मुली मुलांच्या मागे, कारण फोन आधी भावाच्या हातात जातो. हे फक्त आपल्याकडचं असंही नाही. संगणक आणि माहिती हाताळण्याचं कौशल्य मोजणाऱ्या 2018 च्या आंतरराष्ट्रीय ‘आयसीआयएलएस’ चाचणीत, श्रीमंत देश धरूनसुद्धा, आठवीच्या फक्त 2 टक्के मुलांना सर्वांत वरची पातळी गाठता आली.

वर्गात हे रोज दिसतं. फ्री फायर या बंदुकांच्या गेममध्ये धडाधड हेडशॉट मारणारा पोरगा माउस हातात घेतला की डबल-क्लिकवर अडखळतो. त्याहून मोठा गोंधळ फाइलचा. मोबाइलवर फोटो ‘गॅलरीत’ असतो, बस्स. फोल्डर ही भानगड त्याने कधी पाहिलेलीच नसते. मुलं स्क्रॅच या प्रोग्रामिंगच्या साधनात काम करतात आणि सेव्ह करताना आयतं आलेलं नाव तसंच ठेवतात. पुढच्या तासाला डाउनलोड्समध्ये स्क्रॅच प्रोजेक्ट, स्क्रॅच प्रोजेक्ट कंसात एक, कंसात दोन, कंसात तीन... आणि ‘सर, माझी फाइल कुणीतरी पळवली!’ फाइलला नाव का द्यायचं, आपला फोल्डर का करायचा, हे त्या क्षणी जसं डोक्यात शिरतं तसं पाठ्यपुस्तकातली व्याख्या पाठ करून कधीच शिरत नाही. स्वतः बनवलेला गेम हरवलेला असतो ना!

स्क्रॅच म्हणजे अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने 2007 मध्ये खुलं केलेलं, ठोकळे जोडून प्रोग्राम लिहायचं मोफत साधन. ‘वर्गात गेम’ म्हटल्यावर मेसेज लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बंदुका येतात. माझ्या वर्गात येते मांजर. ती उंदराला पकडते आणि पकडलं की एक गुण. सहावीतली मुलं पहिल्यांदा हे बनवतात तेव्हा मांजर उंदरावर जाऊन बसते तरी गुण शून्यच. का? ‘उंदराला लागलं का?’ ही तपासणी खेळ सुरू होताना एकदाच झाली, तेव्हा उंदीर लांब होता. मग ती तपासणी ‘कायम’च्या, म्हणजे तेच काम सतत करत राहणाऱ्या, ठोकळ्यात घालायची. आता उलटीच तऱ्हा: एकदा पकडलं की गुण एकदम पंचवीस-तीसने वाढतात! पोरं खूश, ‘सर, बोनस!’ इथे थांबून विचारायचं असतं, की असं का झालं? कुणीतरी मागच्या बाकावरून सांगतं, मांजर उंदराला चिकटून आहे तोवर संगणक पुन्हा पुन्हा तपासतोय. मग तोडगाही त्यांच्यातूनच येतो: पकडल्याबरोबर उंदराला दुसरीकडे उडी मारायला लावायची. नंतर कळतं की खेळ पुन्हा सुरू केला तरी जुने गुण तसेच. मग खेळ सुरू करायचा हिरवा झेंडा दाबल्यावर गुण शून्य करायचा ठोकळा.

चूक शोधणं, एक गोष्ट बदलून पाहणं, यंत्र आपण सांगितलं तेच करतं आणि आपल्याला म्हणायचं होतं ते नव्हे, हे अंगवळणी पडणं. डिजिटल कौशल्य ते हेच. मास्तर हवा तो ‘असं का झालं?’ विचारायला. तो नसला तर बोनस मिळाला म्हणून पोरं घरी जातात.

तसं पाहिलं तर हा प्रकार आपल्यालाही नवा नाही. 1990 मध्ये विंडोज 3.0 सोबत पत्त्यांचा सॉलिटेअर आला आणि माउसने वस्तू धरून ओढून सोडणं जगभरच्या कारकुनांना त्याने शिकवलं. एमएस-सीआयटीच्या क्लासला गेलेल्यांनी आठवून पाहावं, सर बाहेर गेल्यावर हात कशावर बसला ते.

‘फेक न्यूजच्या जमान्यात मुलांना आणखी स्क्रीन?’

मेसेजच्या काही आवृत्त्यांत हा मुद्दाही असतो आणि तो मला सगळ्यात गमतीचा वाटतो. 2018 मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि नेदरलँड्समधल्या एका गटाने ‘बॅड न्यूज’ नावाचा गेम काढला. खेळणाऱ्याने स्वतः खोट्या बातम्या पसरवायच्या आणि बिल्ले मिळवायचे: तोतयेगिरीचा, भावना भडकवण्याचा, लोकांत फूट पाडण्याचा, कटाच्या कहाण्या रचण्याचा, टीकाकाराची बदनामी करण्याचा, ट्रोलिंगचा. खेळ पंधरा-वीस मिनिटांचा. सुमारे 15,000 खेळाडूंच्या नोंदी तपासून 2019 मध्ये निष्कर्ष आला की गेमनंतर लोक खोट्या मजकुरावर कमी विश्वास ठेवतात. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक म्हणतात, तर इथे घटकाभर चोर होऊन त्या वाटा पाहायच्या.

आता दुसरी बाजू, कारण सोयीचं तेवढंच सांगायचं तर मग माझ्यात आणि फॉरवर्डमध्ये फरक काय? व्हॉट्सॲपच्या धर्तीवरचा असाच गेम उत्तर भारतात लोकांना देऊन पाहिला, तेव्हा म्हणावा तसा परिणाम दिसला नाही. परदेशात चाललेला गेम उचलून आणला आणि काम झालं, असं होत नाही. भाषा, माणसं, मेसेजची तऱ्हा सगळंच वेगळं. मी वर्गात हा प्रकार कागदावर करतो: मुलांनी खोटा मेसेज स्वतः लिहायचा आणि शेजारच्या गटाने त्यातल्या युक्त्या ओळखायच्या. वरच्या मेसेजमध्येच दोन-तीन बिल्ल्यांपुरता ऐवज आहे.

‘गेम म्हणजे व्यसन आणि जुगार’

व्यसनाबद्दल गंभीरपणे बोलू. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगचा विकार आजारांच्या यादीत घेतला, 2022 पासून ती यादी लागू आहे. पण त्याची लक्षणं पाहा: खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्यापेक्षा गेम मोठा होतो, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालतं. ज्या घरात असं घडतंय त्यांनी डॉक्टरकडे जायलाच हवं. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत घंटा झाली की बंद होणाऱ्या मांजर-उंदराचा त्याच्याशी संबंध नाही.

जुगाराचं उत्तर तर संसदेनेच दिलंय. ऑगस्ट 2025 च्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घातली आणि त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स (गेमच्या स्पर्धा) आणि शैक्षणिक गेमना प्रोत्साहन देण्याची तरतूद केली.

एक मात्र कबूल. ‘गेमच्या माध्यमातून शिक्षण’ म्हणून शाळांना जे विकलं जातं त्यातलं बरंचसं टाकाऊ असतं. चार पर्यायांतला एक निवडा, बरोबर आलं की चांदण्या उडतात, टाळ्या वाजतात. ती जुनीच प्रश्नपत्रिका, वर चमकी लावलेली. मुलं आठवड्यात कंटाळतात आणि शाळा वर्षाचे पैसे भरून बसलेली असते. मेसेजवाल्यांनी यावर तोफ डागली असती तर मीही बत्ती लावायला आलो असतो.

‘आधी लिहा-वाचायला शिकवा, वीज आणा’

लिहिणं-वाचणं आधी, यात वादच नाही. मराठीच्या तासाचा वेळ काढून गेम घेणाऱ्या शाळेला मी स्वतः जाब विचारीन. पण राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कोडिंग, म्हणजे प्रोग्राम लिहिणं, धरलंय ते सहावी ते आठवीच्या टप्प्यात, पहिलीत नव्हे. शिवाय उंदीर कुठे उडाला हे मांडायला मुलगी वहीत आकृती काढते, पायऱ्या लिहिते. तेही लिहिणंच की.

राहिली साधनं. प्रत्येक मुलाला संगणक हवा हा समज कुठून आला कोण जाणे. 1971 मध्ये अमेरिकेत मिनीआपोलिसच्या शाळेत डॉन रॅविच हा शिकाऊ शिक्षक आठवीला इतिहास शिकवत होता. बैलगाड्यांनी पश्चिमेकडे गेलेल्या लोकांचा प्रवास मुलांना समजावा म्हणून बिल हाइनमन आणि पॉल डिलनबर्गर या दोन मित्रांनी त्याला साधारण दोन आठवड्यांत ‘ओरेगन ट्रेल’ लिहून दिला. वर्गाला यंत्र एक, आणि तेही बिनपडद्याचं टेलिटाइप: टाइप केलं की उत्तर कागदावर छापून यायचं. शिकार करायची तर ‘बँग’ हा शब्द झटकन आणि बिनचूक टाइप करायचा. मुलांनी आपसांत कामं वाटून घेतली: ज्याचा हात जलद तो टाइप करणार, दुसरा नकाशा पाहणार, तिसरा पैशांचा हिशेब ठेवणार.

एक जुना संगणक, एक प्रोजेक्टर आणि इंटरनेटशिवाय चालणारं स्क्रॅच एवढ्यावर आमच्याकडचा तास होतो. वीज गेली तर ठोकळे पुठ्ठ्याचे. म्हणून पालकसभेत विचारायचंच असेल तर हे विचारा: मुलं गेम बनवतात की नुसता खेळतात? महिन्याकाठी माझ्या मुलीने केलेली एक फाइल तिच्याकडूनच उघडून दाखवाल का? ॲपमध्ये तिचं नाव आणि माझा नंबर भरला जातो का, आणि तो जातो कुठे? वेगळी फी असेल तर कशाची, स्क्रॅच तर फुकट आहे?