फोन कमी झाले, त्या दिवसांबद्दल

मार्च २०२० मध्ये इटलीत टाळेबंदी लागली आणि पहिल्या काही दिवसांत घरात छळ होणाऱ्या बायकांसाठीच्या तिथल्या १५२२ या हेल्पलाइनवरचे फोन घटले. पुढे ते झपाट्याने वाढले. त्या घटलेल्या आकड्यावरून 'घरं शांत आहेत' असा निष्कर्ष काढणाऱ्यांचा मला आजही राग येतो.

मारणारा माणूस चोवीस तास त्याच दोन खोल्यांत असेल तर बाईने फोन करायचा कुठून? दिवसातून निदान दहा मिनिटं ती एकटी असते, हे हेल्पलाइनने गृहीत धरलेलं असतं. तो कामावर जातो, ती मुलांना शाळेत सोडायला बाहेर पडते. साथीने ती दहा मिनिटंच हिरावून घेतली. अंगावरचा वळ ज्यांच्या लक्षात आला असता त्या शाळेतल्या बाई, सोबत काम करणारी मैत्रीण, दवाखान्यातली नर्स, याही एकदमच लांब गेल्या.

छळाला नवी हत्यारंही मिळाली. मास्क आणि सॅनिटायझर लपवून ठेवायचं. 'तुला लागण झालीय, आता घराबाहेर काढतो' अशी धमकी द्यायची. नियमांबद्दल खोटं सांगून तिला दाराबाहेर पाऊल टाकू द्यायचं नाही. ताप आला तरी दवाखान्यात न्यायचं नाही, गर्भनिरोधक गोळ्या आणू द्यायच्या नाहीत. यातल्या कशाचाच वळ उठत नाही, म्हणून तक्रार लिहून घेणाऱ्याला हे 'किरकोळ' वाटतं. ते किरकोळ नाही. महामारीने सभ्य माणसाचा राक्षस केला, हेही मला पटत नाही. नोकरी गेली, पैसा आटला, ताण वाढला, हे खरं. पण तोच माणूस मालकावर किंवा पोलिसावर हात उगारत नाही.

मग उपयोगी काय पडलं? स्पेनच्या कॅनरी बेटांवर बाईने औषधांच्या दुकानात जाऊन 'मस्कारिया १९' मागायचं, म्हणजे 'मास्क १९', आणि दुकानदाराने मदत बोलवायची. घराबाहेर पडायचं जे एक कारण उरलं होतं, त्याच वाटेवर मदत ठेवली होती. एप्रिल २०२० मध्ये कॅनडातून मदत मागायची हाताची खूण आली: तळवा समोर, अंगठा आत दुमडायचा, चार बोटं त्यावर मिटायची. ही खूण व्हिडिओ कॉलवर एक शब्दही न बोलता करता येते. पण खूण जगभर पसरली की ती मारणाऱ्यालाही कळते. शिवाय बघणाऱ्याला पुढे काय करायचं ते माहीत नसेल तर ती वाया जाते.

तेव्हा कुणी ही खूण केली तर चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. चालू विषय पुढे न्या, नंतर साध्या निमित्ताने फोन करा आणि 'हो' किंवा 'नाही' एवढंच उत्तर लागेल असे प्रश्न विचारा. तो जवळ आहे का? तुला लागलंय का? पोलिसांना कळवू का? तिला न विचारता त्याला जाब विचारायला जाऊ नका. तुमची पाठ वळली की त्याची किंमत ती मोजते. तिच्या जिवावर बेतलं असेल तर मात्र थेट पोलिसांना कळवा.

आता घरात अडकलेल्या बाईसाठी. भांडण पेटायची चिन्हं दिसली की स्वयंपाकघर आणि न्हाणीघर टाळायचं. एका ठिकाणी सुऱ्या असतात, दुसऱ्याला बाहेर पडायची वाट नसते. ओळखपत्रं, मुलांचे दाखले, रोजची औषधं, थोडी रोकड आणि दाराची जादा किल्ली विश्वासू माणसाकडे ठेवावी. फोनमधले मेसेज सरसकट पुसू नयेत, रिकामा फोन पाहूनच त्याला संशय येतो. मदतीबद्दलचं तेवढं एकच संभाषण पुसावं. लोकेशन शेअरिंग अचानक बंद केलं तरी तो ओळखतो. त्यामुळे मदतीचे फोन शक्यतो दुसऱ्याच्या फोनवरून करावेत.

गळा दाबण्याबद्दल वेगळं सांगायला हवं. ज्या बाईचा जोडीदाराने एकदा गळा दाबला आहे, तिचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याचा धोका सातपटीहून जास्त असल्याचं संशोधनात आढळलं आहे. गळ्यावर खूण उमटेलच असं नाही. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, गरगरणं यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, आणि 'गळा दाबला' हे शब्द स्पष्ट सांगायचे. आतल्या रक्तवाहिनीला इजा झाली असेल तर त्रास काही दिवसांनीही उद्भवतो.

'एवढं होतं तर निघून का नाही गेली?' निघून जातानाचा आणि त्यानंतरचा काळच सगळ्यात धोक्याचा असतो. त्यात टाळेबंदीत निवारागृहांना अंतर राखण्यासाठी खाटा कमी कराव्या लागल्या, कुठे आधी विलगीकरणाची अट आली. फ्रान्सने अशा बायकांसाठी हॉटेलातल्या २०,००० रात्रींचे पैसे भरायचं जाहीर केलं. इंग्लंडच्या २६ मार्च २०२० च्या टाळेबंदी नियमांत, इजेच्या धोक्यातून सुटण्यासाठी घर सोडायची मुभा होती. पण असं कलम नियमाच्या पोटात राहिलं तर ती बाई दंडाच्या भीतीने दारातच थांबते. पुढच्या साथीत 'धोक्यातून सुटण्यासाठी घर सोडता येतं' हे वाक्य पहिल्याच दिवशीच्या घोषणेत, दुकानाच्या दारावर आणि औषधाच्या पिशवीवर मोठ्या अक्षरांत छापलेलं असलं पाहिजे.