बिनगव्हाचा पाव

'गहू जन्मभर बंद' असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा घरात कुणालाच धक्का बसला नाही. आई म्हणाली, "मग भाकर खा की. तुझ्या आज्यानं गव्हाची पोळी सणालाच बघितली." खरंय. परभणीत ज्वारी खाणं म्हणजे काही पथ्य नव्हे. इथल्या कृषी विद्यापीठानं ज्वारीच्या एका वाणाला 'परभणी मोती' असं नाव दिलंय. पण माझा जीव पोळीत नव्हताच. तो होता सकाळच्या चहात बुडवायच्या पावात. चहात भाकरीही बुडते, लहानपणी मीही खाल्लीय. पण पाव जसा चहा पितो तसा भाकर पीत नाही.

म्हणून ज्वारीचा पाव घरीच करायचं ठरवलं आणि डबा घेऊन गिरणीत गेलो.

माझा आजार सिलिअॅक, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन आतड्याला सोसत नाही. सिलिअॅकवाल्याला गव्हाचा कणही चालत नाही, म्हणजे गव्हावर दळलेली ज्वारीही बाद. आजवर लोक "ज्वारीवर माझा गहू टाकू नका" म्हणून गिरणीत भांडत आले. "गव्हावर माझी ज्वारी टाकू नका" म्हणणारा मी पहिलाच. गिरणीवाला माझी समजूत काढायला लागला, "सर, गव्हानं ज्वारी बिघडत नसती. उलट भाकर तुटत नाही." शेवटी रांगेतल्या दोघींची ज्वारी आधी, मग माझी, असं ठरलं. मागून एका मावशींनी विचारलंच, "सोवळ्यातलं दळण हाय का?" (दोघींच्या ज्वारीनं जातं धुऊन निघत नाही, हे नंतर कळलं. मग घरघंटी घेतली. तिच्या पैशात किती पाव आले असते, हा हिशेब बायकोला तोंडपाठ आहे.)

गव्हात ग्लुटेनची जाळी असते. यीस्टनं सोडलेला वायू ती धरून ठेवते, म्हणून पाव फुगतो. ज्वारीत ती जाळीच नाही. हे सगळं मी आईला हातवारे करून समजावलं. ती म्हणाली, "विरी नाही म्हण की," आणि भाकरीला घालतात तसं उकळतं पाणी घालायचा सल्ला देऊन मोकळी झाली. पावाच्या कृतीत मात्र त्या जाळीच्या जागी इसबगोल होता. तो आमच्याकडे बाबांच्या पोटासाठी असतो. तीन चमचे काढून घेतले, तर बाबांनी डबी हलवून बघितली आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तुलाबी का रे?"

पुढची ओळ होती, 'मिश्रण ऊबदार जागी तासभर ठेवा.' मे महिना, पारा 42 वर. आमच्या घरात ऊबदार नसलेली जागा म्हणजे फक्त फ्रिज. पंचवीस मिनिटांत मिश्रण भांड्याबाहेर आलं, ओट्यावर थोडं फिरलं आणि मधोमध खचलं. तसंच साच्यात भरून ओव्हनमध्ये सारलं. विसाव्या मिनिटाला लाईट गेली.

ती आल्यावर पुन्हा भाजलं. वरून रंग झकास आला. पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नका असं लिहिलं होतं, पण चहा झालेला होता. सुरी वरून ठणकन वाजली आणि आत गेली ती काळ्या रानात पहिल्या पावसानंतर पाय जातो तशी. तरी एक तुकडा चहात बुडवला. बोटांत कड राहिली, बाकीचा ऐवज तळाला. तो चमच्यानं काढून खाल्ला, कारण बायको बघत होती.

दुपारी आईनं उरलेला पाव कुस्करला, तव्यावर परतून कोरडा केला आणि कांदा, मिरची, शेंगदाणे घालून कुटके केले. मी दोनदा घेतले. दुसऱ्यांदा वाढताना ती म्हणाली, "हिंग नाही घातला बरं का. डबीवर बारीक लिवलंय, त्यात गव्हाचं पीठ असतंय. शेजारच्या पोरीकडून वाचून घेतलं."