खुलासा: सांध्यावर शंटर अडतो तो मोटरमुळे नव्हे

मॉडेल रेल्वेच्या छंदात ‘एसडब्ल्यू७सारख्या जुन्या डिझेल शंटरचं (यार्डात डबे हलवणाऱ्या इंजिनाचं) एचओ, म्हणजे १:८७ प्रमाणातलं, मॉडेल सांध्यावर (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तिथे) थांबतं, कारण मोटर कमजोर, ती बदला,’ असा सल्ला फिरतो आहे. तो चुकीचा आहे. सरळ रुळावर हळू, सलग चालणारं इंजिन फक्त सांध्यावर थांबत असेल, तर रुळातून चाकांवाटे येणारी वीज तुटते आहे. या प्रमाणात बोगीच्या (इंजिनाखालच्या चार चाकांच्या चौकटीच्या) पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर जेमतेम २८ मिमी. प्लास्टिकच्या फ्रॉगवर (सांध्यात दोन रूळ छेदतात त्या तुकड्यावर) आख्खी बोगी बिनविजेची होऊ शकते. काही जुन्या मॉडेलांत तर एक बोगी एकाच रुळावरून वीज घेते. तिथे थांबणं ठरलेलंच.

आधी मल्टिमीटरने प्रत्येक चाकापासून मोटरच्या संबंधित टोकापर्यंत जोडणी तपासा. नुसतं बोट लावून इंजिन पुढे सरकलं, तरी संशय संपर्कावरच घ्या. चाकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सँडपेपर नकोच, ओरखड्यांत काळा थर आणखी पटकन बसतो. मग आठही चाकांना वीज घेणाऱ्या फॉस्फर ब्राँझच्या पातळ पट्ट्या लावा. जास्त दाबल्यात तर त्याच ब्रेकचं काम करतील!

वीज क्षणभर तुटली तरी इंजिन चालतं ठेवणारा कपॅसिटरचा ‘कीप-अलाइव्ह’ फक्त डीसीसी (रुळातून डिजिटल आदेश देण्याची पद्धत) डिकोडरसोबत. साध्या डीसीवर दिशा बदलताच ध्रुव उलटतात आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर खराब होतो.